हजारात एकदा म्हणजे हजार वेळा केलं की नक्की का?

सत्तरीकार:
आमचे भावोजी रोज स्कूटरवर वाळपईहून साखळीला ड्यूटीला जातात. वाटेत एका वळणावर पुढचं काय म्हणजे काय दिसत नाही, तरी नेमकी तिथेच बस ओव्हरटेक करतात. बोललो की म्हणतात, अरे हजारात एकदा समोरून टिप्पर येणार, वर्ष झालं, कुठे काय झालं? जाताना एकदा, येताना एकदा, 300 दिवस, म्हणजे 600 वेळा. मी हजारात एक गुणिले 600 केलं, 60 टक्के आले. पण मग दोन वर्षांचे 120 टक्के होतात, ते तर शक्यच नाही ना! माझं कुठे चुकतंय? (गणित बारावीला सोडलं, हसू नका.)

घातांक:
धोक्याची बेरीज करू नको रे, वाचण्याचा गुणाकार कर. एकदा वाचायची शक्यता 0.999, दोनदा 0.999 गुणिले 0.999, असं करत 600 वा घात काढलास की 0.55 च्या आसपास येतं. म्हणजे वर्षभर सुखरूप 55 टक्के, एकदा तरी सापडायची 45. दोन वर्षांत ती 70 होते, 100 कधीच होत नाही. हजार वेळा केलं तरी 63च. दहा वर्षं असंच चाललं तर मात्र असे हजार भावोजी धरलेस तर दोन-तीनच सुटतील. तुझी बेरीज दहा-वीस वेळांपुरती चालते, पुढे फसते.

मांडवीकाठ:
मी कॅसिनोत रुलेटवर होतो काही वर्षं. आमच्या चाकावर 37 घरं, 37 फेऱ्यांत शून्य एकदा तरी यायची शक्यता 64 टक्के, गिऱ्हाईक मात्र धरून चालतो की येणारच, आणि 36 फेऱ्या नाही आलं की उरलेसुरले पैसे पण त्यावरच लावतो. पात्रांव, चेंडूला कसली आठवण! भावोजींचंही उद्याचं ओव्हरटेक हजारात एकच, ना कमी ना जास्त. हा घोळ जुना आहे, 1654 साली पास्काल आणि फेर्मा यांच्या पत्रांत फाशांवरून हेच चाललं होतं. एक फासा चारदा टाकून सहा यायची शक्यता निम्म्याहून जरा जास्त, दोन फासे 24 वेळा टाकून दोन्ही सहा यायची निम्म्याहून जरा कमी, आणि जुगाऱ्याला वाटत होतं दोन्ही सारखंच.

डिचोलीकर:
सगळं बरोबर, पण हजारात एक हा आकडा आणला कुठून? भावोजींनी मनातूनच ना? समजा खरा धोका दोनशेत एक आहे, तरी शंभरातले पाच जण 600 वेळा काही न होता सुटतील आणि तेही हेच म्हणतील, कुठे काय झालं. म्हणजे वर्षभराच्या अनुभवातून फार तर इतकंच कळतं की धोका बहुतेक दोनशेत एकाहून मोठा नसावा. हजारात एक आहे हे त्यातून निघत नाही. शिवाय हा सगळा गुणाकार प्रत्येक वेळ सुटी धरून आहे. जून ते सप्टेंबर रस्ता ओला, टायर तोच झिजलेला, मग धोका रोज सारखा कसा राहील?

सत्तरीकार:
जेवताना भावोजींना सांगितलं, वर्षभर वाचायची शक्यता 55 टक्के होती म्हणून. म्हणाले, पास व्हायला 35च लागतात ना? ताईने भाताचा डाव तिथेच आपटला. सध्या बसच्या मागून जातायत.