गृहकर्ज साडेसात टक्क्यांवर आलंय. पुण्यातले फ्लॅटचे भाव खरे की फुगवलेले?

प्रश्न (वाकड_शोधतोय)

वाकडला टू-बीएचके बघतोय, राहण्यासाठीच. कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) ७२० चौ. फूट, करारनाम्याची किंमत ९२ लाख, बांधकाम चालू आहे. बँक ७.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ७३.६ लाख देतेय, म्हणजे हप्ता साधारण ५९,३००. शेजारच्या तयार इमारतीत एवढाच फ्लॅट २८,००० भाड्याने मिळतो. बिल्डरचं म्हणणं, दर इतके खाली आलेत की थांबलात तर भाव निघून जाईल. हा फुगा आहे का? आणि असेल तर तो कशावरून ओळखायचा?

उत्तर १ (हिशोबनीस)

आधी दर कमी झाल्याचा फायदा कोणाच्या खिशात जातोय ते बघा. फेब्रुवारी २०२५ पासून डिसेंबरपर्यंत रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) ६.५० वरून ५.२५ वर आला, म्हणजे सव्वा टक्का. ७३.६ लाखांवर ८.७५ टक्क्यांनी हप्ता सुमारे ६५,००० बसला असता, ७.५ ने ५९,३०० बसतो. पण त्याच ६५,००० च्या हप्त्यात आता ८०.७ लाखांचं कर्ज बसतं. बिल्डरने भाव पावणेदहा टक्क्यांच्या आसपास वाढवला की तुमची सगळी बचत त्याच्याकडे गेली, आणि तुमच्या डोक्यावर सात लाख जास्त कर्ज राहिलं.

दर पुन्हा ८.७५ झाला तर ८०.७ लाखांवर हप्ता ७१,३०० च्या वर जाईल. व्याजदर बदलतो, करारनाम्यातली किंमत बदलत नाही. अमेरिकेत तीस वर्षांचा दर एकदाच बांधून मिळतो, तिथे ‘आज दर कमी आहे’ याला अर्थ आहे. आपल्याकडचं बहुतेक गृहकर्ज रेपोला बांधलेलं असतं, आणि दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरतो.

आता भाड्याची कसोटी. वर्षाचं भाडं ३.३६ लाख. मालक झालात की सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर तुमच्याकडे येतो, तो ६०,००० धरा. उरले २.७६ लाख, म्हणजे ९२ लाखांवर ३ टक्के. पैशाची किंमत, म्हणजे कर्जाचं व्याज, साडेसात. मधला साडेचार टक्क्यांचा फरक दरवर्षी भाववाढीतून किंवा भाडेवाढीतून भरून निघायला हवा. भाव एवढ्याने वाढतीलच, हे गृहीत धरूनच आजची किंमत मागितली जातेय. फुगा म्हणायचा तर तो या गृहीतकात आहे.

उत्तर २ (दस्त_आणि_दाखले)

मला ‘फुगा’ शब्द पटत नाही. अमेरिकेत २००८ ला जे कोसळलं त्यामागे जवळजवळ पूर्ण रकमेची कर्जं होती. इथे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्के आणि ७५ लाखांपुढे ७५ टक्के अशी मर्यादा आहे, स्टँप ड्युटी त्यात धरत नाहीत. त्यामुळे भाव धाडकन पडण्यापेक्षा थिजतात. २०१४ ते २०२० दरम्यान पुण्या-मुंबईत तेच झालं: आकडा तोच राहिला आणि महागाईने किंमत कुरतडली. सहा-सात वर्षं भाव हलला नाही तर साडेचार टक्क्यांचं गणित कसं मोडतं, ते वरच्या उत्तरावरून काढता येईल.

भाव खरा आहे का, हे बिल्डरच्या ऑफिसात कळत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाका, त्याच प्रकल्पातल्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, दिसेल. त्यात ‘मोबदला’ (दस्तात लिहिलेली व्यवहाराची किंमत) आणि ‘बाजारभाव’ (सरकारी मूल्यांकन) अशा दोन वेगळ्या ओळी असतात, खाली क्षेत्रफळ. मोबदला भागिले कार्पेट करा; तुमचा आकडा येतो ९२,००,००० ÷ ७२० = चौरस फुटाला १२,७७८ रुपये. गेल्या सहा महिन्यांतले निदान आठ-दहा दस्त घ्या, एका दस्तावर विसंबू नका. पार्किंग किमतीत धरलंय का ते पाहा. शिवाय ‘स्टँप ड्युटी आमच्याकडून’ किंवा फुकट मॉड्युलर किचन अशी सूट दस्तात दिसत नाही, त्यामुळे खरा भाव मोबदल्यापेक्षा खाली असू शकतो.

महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर फॉर्म ३, म्हणजे सीएचं प्रमाणपत्र, उघडा. त्यात विकलेले आणि न विकलेले फ्लॅट वेगवेगळे दिलेले असतात. ‘शेवटचे चार राहिलेत’ हे खरं आहे का, तिथेच कळेल. बरेच शिल्लक असतील तर घासाघीस करायला जागा आहे.

उत्तर ३ (कर्जविभाग)

रोख किती लागेल तेही लिहा, इथेच गणित चुकतं. स्वतःचे १८.४ लाख, स्टँप ड्युटी ७ टक्के म्हणजे ६.४४ लाख (खरेदीदार फक्त स्त्री असेल तर एक टक्का कमी), नोंदणी फी ३०,०००, बांधकाम चालू असल्याने जीएसटी ५ टक्के म्हणजे ४.६ लाख. एकूण २९.७४ लाख. ताबा मिळेपर्यंत भाडंही चालूच राहील. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही, तेव्हा तुलना करताना हे साडेचार लाख विसरू नका.

मुख्य धोका दर वर गेल्यावरचा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो अडीच टक्के वाढला. २०२१ चं ५० लाखांचं कर्ज ६.७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी धरा: हप्ता ३७,८७०. दर ९.२ झाला तेव्हा मुद्दल ४८ लाख बाकी असेल, तर महिन्याचं व्याजच ३६,८००. मुद्दलात पडतात १,०७०. हप्ता तोच ठेवला तर फेडायला आणखी अडतीस वर्षांहून जास्त लागतील! दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेने विचारायला हवं, असं रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सांगितलंय. मुदत वाढू देऊ नका, लेखी कळवून हप्ता वाढवून घ्या. तुमच्या कर्जावर ९.५ टक्क्यांनी हप्ता ६८,६०० येतो. तेवढा झेपत असेल तरच पुढे जा.

सही करण्याआधी रेपोवरचं स्प्रेड (बँक रेपोवर वाढवून घेते ते टक्के) किती, ते मंजुरीपत्रात शोधा. कर्जासोबत एकरकमी विमा चढवतात, तो कर्जाच्या रकमेत मिळवलेला असेल तर काढायला सांगा. फ्लोटिंग दराच्या कर्जात वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व परतफेडीचा दंड नाही.

उत्तर ४ (हिशोबनीस)

माझ्याच मुद्द्याची दुसरी बाजू राहिली होती. भाडं दरवर्षी ५ टक्के वाढलं तर दहा वर्षांनी ४५,६०० होतं, हप्ता मात्र दर स्थिर राहिल्यास ५९,३०० च. भाडं हप्त्याच्या पुढे जायला सतरावं वर्ष उजाडतं. त्याच घरात तेवढी वर्षं राहणार असाल तर ९२ लाख फार अंगाशी येणार नाहीत. पाच-सहा वर्षांत बदली किंवा मोठं घर होणार असेल तर स्टँप ड्युटी आणि जीएसटीचे ११ लाख वसूल होणं कठीण आहे. मग आत्ता भाड्याने राहा आणि ई-सर्चमधला आकडा तिमाहीत एकदा बघत जा.