द्विशिक्षकी शाळेसाठी लोकवर्गणीतून स्मार्ट बोर्ड घ्यावा की टॅब? मार्गदर्शन हवे

प्रश्न – खाडीकाठ (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, गुहागर तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा पहिली ते पाचवीची असून द्विशिक्षकी आहे. पट पंचविसाच्या आत आहे. गावच्या मुंबईकर मंडळाने यंदा शाळेसाठी वर्गणी काढण्याचे ठरवले असून गणपतीला सर्व मंडळी गावी आली की बैठक होईल, तोपर्यंत समितीने आपली मागणी लेखी तयार ठेवावी, असा निरोप आला आहे. मंडळातील बहुतेकांच्या मनात बोटाने चालणारा मोठा स्मार्ट बोर्ड आहे. त्यांचा हेतू निर्मळ आहे आणि आपल्या गावची मुले शहरातल्या मुलांच्या मागे राहू नयेत, ही त्यांची तळमळ मला मनापासून पटते.

अडचण अशी की शाळा घाटीच्या पायथ्याशी असल्याने तेथे मोबाईलची रेंज जवळजवळ नाहीच. देवळाच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवण्याच्या चौथऱ्यावर, गेले तर ती मिळते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत विजेचा भरवसा नसतो. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात शाळा डिजिटल करण्याची जी लाट आली, तेव्हा वर्गणीतूनच घेतलेला प्रोजेक्टर आज कपाटात पडून आहे. दुसरीकडे तिसरी-चौथीतील काही मुले अजून अक्षर अक्षर जुळवून वाचतात. दोन्ही शिक्षक मेहनती आहेत, परंतु एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळताना त्यांची होणारी ओढाताण आम्ही पाहतो.

तेव्हा नेमके काय मागावे? आणि जे घेऊ त्याने या मुलांचे वाचन आणि गणित खरोखर सुधारेल का? ज्यांनी अशा शाळेत प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – शिक्षिका, देवगड तालुका

दादा, आपण वस्तूची यादी करण्याआधी मुलांची स्थिती मांडलीत, हे फार चांगले केलेत. मी स्वतः द्विशिक्षकी शाळेत शिकवते, त्यामुळे स्मार्ट बोर्डाविषयी माझे मत स्पष्ट आहे. तो ज्या शाळेत एका खोलीत एकच इयत्ता बसते तेथे उपयोगी पडतो. आपल्या शाळेत एकाच खोलीत पहिली, दुसरी आणि तिसरी बसत असतील, तर एका मोठ्या पडद्यावर एकच पाठ लावल्याने तिघांपैकी दोन इयत्तांचा वेळ वाया जातो. आपल्याला उलट गरज आहे. एका गटाला अर्धा तास अर्थपूर्ण कामात गुंतवून ठेवील आणि तेवढा वेळ शिक्षकाला दुसऱ्या गटाजवळ मांडी घालून बसता येईल, असे साधन हवे. म्हणून माझी शिफारस चार-पाच टॅब, एक साधा ४३ इंची टीव्ही आणि त्याला लावायचे पेनड्राइव्ह, एवढीच आहे.

नेट नसण्याची चिंता करू नका. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड ज्या दीक्षा ॲपवर उघडतात, त्यातील बराचसा आशय आधी उतरवून ठेवता येतो आणि एका फोनवरून दुसऱ्या फोनवर नेटशिवाय देताही येतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाची गणित-विज्ञानाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः हलवून पाहण्याचे प्रयोग, विनामूल्य आहेत. त्यांतील अनेक मराठीत असून त्यांच्या फाइली उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. वाचनासाठी प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे त्या छापून वाटण्यासही हरकत नाही. सहाणेवर रेंज येते म्हणता, तर आठवड्यातून एकदा तेथे बसून पुढील आठवड्याचा आशय उतरवण्याची जबाबदारी समितीतील एखाद्या तरुणाने घेतली, तरी शिक्षकांचे मोठे ओझे उतरेल.

माझ्या वर्गात काय चालते ते थोडक्यात सांगते. एका टॅबवर दोन मुले बसतात. अपूर्णांकाच्या सिम्युलेशनमध्ये एक जण वर्तुळाचे भाग करतो, दुसरा ते पाटीवर आकृती आणि संख्या अशा दोन्ही रूपांत लिहितो, आणि मग जागा बदलतात. पडद्यावरचे प्रत्येक काम पाटीवर किंवा वहीत उतरलेच पाहिजे, हा नियम मी सोडत नाही, कारण केवळ बोट फिरवून बरोबर उत्तराची टिंग वाजली म्हणजे मुलाला कळले असे होत नाही. पाट्यांवरून एक नजर फिरवली की कोण कुठे अडले ते मला दोन मिनिटांत दिसते.

वाचनासाठी तर मी कोणतेही ॲप वापरत नाही, फोनचे साधे ध्वनिमुद्रण वापरते. मूल परिच्छेद वाचून मुद्रित करते आणि पुस्तकात बोट ठेवून स्वतःचेच वाचन ऐकते. जोडाक्षरापाशी अडखळलेला मुलगा ऐकताना नेमका तेथेच थांबतो आणि न सांगता तेवढे वाक्य पुन्हा वाचून पाहतो. ही मुद्रणे मी महिना-महिना जपून ठेवते. जूनचे आणि दिवाळीपूर्वीचे वाचन पालकांना एकापाठोपाठ ऐकवले, म्हणजे प्रगती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

शिक्षकांना मात्र तयारीसाठी वेळ मिळाला पाहिजे. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शेजारच्या दोन-तीन शाळांनी मिळून घटकांची वाटणी केली आणि जमवलेला आशय पेनड्राइव्हवरून एकमेकांना दिला, तर प्रत्येकाचे काम हलके होते.

उत्तर – इन्व्हर्टर व टीव्ही दुरुस्ती, रत्नागिरी

मॅडमनी शिकवण्याच्या बाजूने लिहिले आहे, मी विजेच्या बाजूने लिहितो. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-अवर बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात, परंतु लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची असेल तर त्यांतील निम्मेच वापरावेत. ४३ इंची एलईडी टीव्ही साधारण ८० ते १०० वॉट घेतो, तेव्हा इन्व्हर्टरमधील घट धरूनही तो शाळेच्या वेळात पुरतो. प्रोजेक्टर २५० ते ३०० वॉट घेतो आणि तीन तासांच्या आत बॅटरी खाली आणतो. स्मार्ट बोर्डाचे मोठे स्पर्शपटल टीव्हीच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक घेते. शिवाय ते बिघडले तर त्याचा माणूस तालुक्याला मिळेलच असे नाही, साधा टीव्ही मात्र कोणीही दुरुस्त करतो.

आपल्याकडे उपकरणे वापरून जितकी बिघडतात, त्याहून अधिक बंद ठेवून बिघडतात. दमट खारी हवा जोडण्यांवर हिरवट थर चढवते, लेन्सवर बुरशी धरते आणि कुंभारीण माशी मोकळ्या छिद्रांत माती भरते. टॅब पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे ओल भरली असे समजावे आणि ते मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरावेत, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये. मे महिन्याच्या सुट्टीत टॅबची बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये, निम्म्यावर ठेवावी.

विजांचा धोका आषाढ-श्रावणातल्या संततधारेपेक्षा मेच्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात जास्त असतो. नुसते बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून काढली पाहिजे आणि टीव्हीच्या छत्रीची (डिश अँटेनाची) तार असेल तर तीही. अर्थिंग अवश्य तपासून घ्या. जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी टिकत नाही, त्यामुळे पावसाळ्यात बरे दिसणारे अर्थिंग मार्चनंतर कोरडे पडते. ते पाच ओहमच्या आत आहे का, हे उन्हाळ्यात मोजून घ्यावे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड आणि श्रीवर्धनकडच्या अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. त्यामुळे शक्य असेल तर छपरावर छोटे सौर पॅनेल मागा, पण त्याची चौकट वाऱ्याला टिकेल अशी, गंज न धरणाऱ्या नट-बोल्टांची असली पाहिजे. वर्गणीतील काही रक्कम पुढच्या बॅटरीसाठी बँकेत बाजूला ठेवणे मला टीव्हीइतकेच आवश्यक वाटते.

उत्तर – निवृत्त केंद्रप्रमुख, अलिबाग

‘खरोखर सुधारेल का’ हा आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर जगात बराच अभ्यास झालेला आहे. पेरू देशाने ग्रामीण प्राथमिक शाळांत प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याचा मोठा कार्यक्रम केला. ३१९ शाळांच्या पाहणीचा जो अहवाल २०१२ मध्ये आला, त्यात साधारण सव्वा वर्षाने गणितात आणि भाषेत कोणतीही सुधारणा आढळली नाही. यंत्रे पोहोचली, पण वर्गातले शिकवणे होते तसेच राहिले.

गुजरातेत ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांतील प्रयोग आपल्याला अधिक जवळचा आहे. तेथे संगणकावरील गणिताचा तास शिक्षकाच्या तासाऐवजी ठेवला तेव्हा मुलांचे गणित मागे पडले, आणि तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून दिला तेव्हा ते सुधारले. दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकावरील अभ्यास कार्यक्रमाच्या केंद्रांवर सहावी ते नववीच्या मुलांना शाळेनंतर रोज पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास छोट्या गटात मार्गदर्शकाजवळ अभ्यास दिला गेला. साडेचार महिन्यांत त्यांच्या गणितात आणि हिंदीत लक्षणीय वाढ झाली. तो संगणक सातवीतल्या मुलाला सातवीचाच पाठ देत नव्हता, ते मूल प्रत्यक्षात ज्या पातळीवर होते तेथून सुरुवात करत होता. अक्षर अक्षर जुळवून वाचणाऱ्या आपल्या मुलांना तिसरीच्या पाठाचा चलचित्रपट कितीही सुंदर दाखवला तरी त्यांचे अडलेले तसेच राहील, असे जे मी म्हणतो ते याच आधारावर.

म्हणून खरेदीपूर्वी एक काम करा. वर्णाक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या क्रमाने, ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीत असते तशी, प्रत्येक मुलाची तोंडी चाचणी शिक्षकांकडून घ्या. गट इयत्तेप्रमाणे न करता या पातळीप्रमाणे करा आणि टॅबवरचा आशय गटागटाला निरनिराळा निवडा. तीच चाचणी दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि पुन्हा मार्चमध्ये घ्या. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजपूर्वक वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे असे उद्दिष्ट आहे, तेव्हा ही नोंद शाळेला तसाही उपयोगी पडेल. उपकरणाचा निकाल या नोंदीवरून लावावा, उद्घाटनाच्या छायाचित्रावरून नव्हे.

खाडीकाठ (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. हे सर्व छापून मी दोन्ही शिक्षकांना दिले आहे आणि पातळीप्रमाणे गट करण्याची कल्पना त्यांना पटली आहे. दोन शंका उरतात. मंडळाच्या सभासदांना गावी आल्यावर डोळ्यांना काही दिसावे अशी स्वाभाविक अपेक्षा आहे, तर पाच टॅब आणि एक टीव्ही त्यांना कमी वाटेल. त्यांना कसे समजवावे? आणि जुन्या प्रोजेक्टरचे काय करावे?

उत्तर – विज्ञान शिक्षक, माध्यमिक शाळा, मालवण

वर्गणीदारांना मुलांचे काम दाखवा. आमच्याकडे सातवी-आठवीच्या मुलांनी केलेला भरतीचा उपक्रम आपली पाचवीची मुलेही छोट्या प्रमाणात करू शकतील. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते, हा आपल्याकडचा जुना ठोकताळा घरोघरी ठाऊक असतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मुलांनी महिनाभर धक्क्यावरच्या एका पायरीवर खूण करून पाणी सर्वांत वर येण्याची वेळ टिपली, घरच्या मच्छीमारांना विचारून ती पडताळली आणि टॅबवरच्या तक्त्यात तीन स्तंभ भरले. पहिल्यात ठोकताळ्याची वेळ, दुसऱ्यात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यावर आधारलेली वेळ आणि तिसऱ्यात स्वतः पाहिलेली.

आलेख काढल्यावर ठोकताळा आणि तक्ता यांतील अंतर काही तिथींना वाढते आणि काहींना कमी होते, हे मुलांच्या लक्षात आले. दोन भरतींमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, पण उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या) दिवसांत ती कमी सरकते आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, लहान भरतीच्या) दिवसांत अधिक, हे त्यांनी आकड्यांवरून स्वतः काढले. पाऊणचा गुणाकार, वेळेचे रूपांतर, सरासरी आणि आलेख एवढे गणित त्यात येते. असा आलेख टीव्हीवर लावून एखाद्या चौथी-पाचवीच्या मुलीने मंडळाच्या बैठकीत समजावून सांगितला, तर तेथे बसलेल्या प्रत्येकाला तो आपल्या खाडीचा म्हणून कळेल आणि पैसा कुठे जाणार याची शंका राहणार नाही.

उत्तर – इन्व्हर्टर व टीव्ही दुरुस्ती, रत्नागिरी

प्रोजेक्टर टाकून देऊ नका. त्याच्या मेनूमध्ये दिवा किती तास जळला ते लिहिलेले असते, ते पाहा आणि दिव्याचे आयुष्य संपले आहे की केवळ धुळीने जाळी तुंबून तो गरम होऊन बंद पडतो, याची खात्री करून घ्या. जाळी साफ करणे अगदी किरकोळ काम आहे. लेन्सवर बुरशीचे जाळे असेल तर घरी पुसू नका, वरचा लेप निघतो, तो कारागिराकडेच द्या. नवा दिवा टॅबच्या किमतीच्या जवळ जात असेल तर मात्र त्यावर खर्च करू नये. चालू झालाच तर महिन्यातून एखादे वेळी संध्याकाळी पालकसभेसाठी भिंतीवर लावायला तो पुरेसा आहे, रोजच्या वर्गासाठी टीव्हीच ठेवा.