रात्रीचं पोटभर जेवण घरातल्याच सामानात: कालवण नेमकं बिघडतं कुठे?

विश्रामबागची_चूल (सांगली)

नमस्कार मंडळी. चार माणसांचं रात्रीचं जेवण आहे. घरात कायम असतं ते असं: अख्खा मसूर, उडीद डाळ, तूरडाळ, वाघ्या घेवडा, शेंगदाणे, सुकं खोबरं, ज्वारीचं पीठ आणि वर्षाचा कांदा-लसूण मसाला. पनीर, क्रीम, बाहेरची पाकिटं नकोत. सातला गॅस पेटवला की आठला ताटं मांडता यावीत. एक कालवण आणि भाकरी, बास. पण दहा वाजता कुणी फरसाणाचा डबा हुडकायला नको.

प्रयोग चालू आहेत, घोटाळे मात्र तेच तेच. अख्ख्या मसुराचं एक तर वरण होतं, नाहीतर दाणे टणक राहून पाणी वेगळं दिसतं. उडदाचं घुटं (शिजवून घोटलेली डाळ) बुळबुळीत होतं. चकोल्यांची (आमटीत शिजवलेल्या कणकेच्या तुकड्यांची) लापशी होते. पाणी बोअरचं आहे, त्याचा काही संबंध असेल का? मापं सांगा, 'अंदाजानं घाला' नको!

कराडचं_कालवण

ताई, संबंध आहे, आणि चांगलाच आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम जास्त असतं. ते कडधान्याच्या सालीत बसतं आणि साल शिजता शिजत नाही. आतला दाणा मात्र शिजून फुगतो, मग साल फाटते. म्हणून एकाच भांड्यात अर्धे दाणे टणक आणि अर्ध्यांचं वरण दिसतं. जुना आणि नवा मसूर एकत्र झाला असेल तरी असंच होतं, तेव्हा डबा रिकामा झाल्याशिवाय नवीन माल त्यात ओतू नका.

चौघांना दीड वाटी मसूर घ्या. वाटी म्हणजे आमटीची, १५० मिलीची. एक लिटर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ विरघळवून त्यात मसूर ४० मिनिटं भिजवा. मिठानं कडधान्य शिजत नाही असं सांगतात, पण भिजवण्याच्या पाण्यात मीठ असलं की साल उलट मऊ पडते. ते पाणी ओतून द्या. साडेचार वाट्या साधं पाणी घालून उघड्या पातेल्यात मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटं शिजवा. कुकरच लावायचा तर एकच शिट्टी आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची. शिट्टी उचलून वाफ काढली की आतला दाब एकदम उतरतो, दाणे तडकतात, मग वरण झालंच म्हणून समजा. शिजला का हे बघायला एक दाणा अंगठा आणि बोटात दाबा. लोण्यासारखा दबला पाहिजे आणि साल दाण्यालाच चिकटून राहिली पाहिजे. मधे पांढरी कणी दिसली तर अजून पाच मिनिटं.

टोमॅटो, चिंच, आमसूल यांतलं काहीही दाणा पूर्ण शिजण्याआधी घालू नका. आंबटात साल घट्ट होते, नंतर तासभर उकळलं तरी फरक पडत नाही.

आता मसाला. चार मोठे चमचे तेल, जिरं, तीन कांदे (३०० ग्रॅम) अगदी बारीक चिरून. इथंच घाई होते. कांदा नुसता पारदर्शक होऊन भागत नाही. १२ ते १५ मिनिटं परतून गव्हाळ-तपकिरी झाला पाहिजे. मग दीड मोठा चमचा आलं-लसूण, कच्चा वास जाईपर्यंत. मग दोन टोमॅटो. कडेनं तेल सुटलं की गॅस बारीक करून दोन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला आणि पाव चमचा हळद घाला आणि लगेच दोन चमचे गरम पाण्याचा हबका मारा. मसाल्यातली मिरची कडक तेलात दहा सेकंदांत करपते आणि कालवण कडू होतं. मग मीठ-गूळ घालून दुरुस्त करत बसतात, ते होत नाही. हळदीचंही तसंच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून ती चमच्यानं ओतायची नसते, जास्त झाली की कडवटच लागते.

मसूर शिजवलेल्या पाण्यासकट घाला. एक पळीभर दाणे कडेला दाबून चेचा, दाटपणा तिथूनच येतो. झाकण न ठेवता दहा-बारा मिनिटं बारीक उकळी. मीठ शेवटी, चव बघून, कारण मसाल्यात ते आधीच असतं. खोबरं, कूट, बेसन यांतलं काही नको. एका कालवणाला दाट करणारी एकच गोष्ट आणि आंबट एकच, हे सांभाळलंत की प्रयोग फारसे फसत नाहीत. मसुरात चेचलेला मसूर, वांग्यात शेंगदाण्याचा कूट, शेवग्याच्या शेंगेला बेसन. दोन घातली की चव मिटते आणि गार झाल्यावर त्याचा गोळा होतो.

विश्रामबागची_चूल

दादा, मीठ घालून भिजवणं नवीनच कळलं. पण बोअरच्या पाण्याचं काय करू? सोडा घालू का?

कराडचं_कालवण

दहा मिनिटं खळखळ उकळून गार करा आणि वरचं पाणी अलगद ओतून घ्या, तळाला पांढरा साका राहतो. जडपणा सगळा नाही, पण बराच उतरतो. नळाचं पाणी येत असेल तर कडधान्यापुरतं तेच वापरा, एवढा खटाटोप नको. सोडा अगदीच वेळ आली तर चिमूटभर. जास्त झाला तर सालीची पार वाट लागते, साबणासारखी चव येते आणि ब जीवनसत्त्वही जातं.

रवी_आणि_पळी (वाई)

घुट्याबद्दल सांगते. ताई, तुम्ही डाळ मिक्सरमधून काढत असणार! उडदात मुळातच चिकट द्रव्य असतं, म्हणून तर मेदूवड्याचं पीठ फेसलं की हलकं होतं. मिक्सरचं पातं तेच करतं, डाळ फेसते आणि बुळबुळीत होते. घुटं घोटायचं ते रवीनं किंवा पळीच्या पाठीनं, १५-२० वेळा, त्याहून जास्त नाही. थोडी डाळ दाताखाली आली पाहिजे.

एक वाटी उडीद डाळ. सालाची असो की पांढरी, दोन्ही चालतात. सालाची असेल तर रंग काळपट येईल पण चव जास्त खमंग. कोरड्या कढईत बारीक गॅसवर पाच-सहा मिनिटं भाजा, पांढरी डाळ गुलाबीसर होऊन वास सुटेपर्यंत. भाजल्यानं चिकटपणा कमी होतो, ही पायरी गाळू नका. भाजून मग धुवा. आधी धुतली तर ओली डाळ भाजली जात नाही, नुसती वाफवली जाते. तीन वाट्या पाणी, एक चमचा तेल, हिंग, कुकरला तीन शिट्ट्या. तेल विसरलं तर फेस शिट्टीतून ओट्यावर येतो.

वाटणाला सहा-सात हिरव्या मिरच्या (तिखट असतील तर चार), दहा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन मोठे चमचे भाजलेलं सुकं खोबरं, कोथिंबिरीच्या काड्या. काड्या फेकून देऊ नका, वास त्यांतही भरपूर असतो. लाल मसाला घुट्यात घालू नये असं माझं मत. घातलात तर आमटी चांगली होईल, पण तिला घुटं म्हणू नका.

दोन मोठे चमचे तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता आणि ठेचलेला आठ पाकळ्या लसूण. लसूण कडेनं तांबूस झाला की वाटण, दोन मिनिटं परता, मग घोटलेली डाळ आणि तीन-साडेतीन वाट्या उकळतं पाणी. गार पाणी घातलं की डाळ खाली आणि पाणी वर राहतं, ते दोन्ही मग एक होत नाही. सात-आठ मिनिटं उकळा. गॅसवर ते जरा पातळ वाटेल, वाटू द्या. ताटात वाढल्यावर पाच मिनिटांत घट्ट होतं. गॅसवरच दाट केलंत तर भाकरी संपेपर्यंत चमचा उभा राहील.

कृष्णाकाठची_सुगरण (मिरज)

एकच दाटपणा वगैरे ठीक आहे, पण मसुरात दोन चमचे शेंगदाण्याचा कूट घातला तर बिघडत काही नाही, उलट भरतीचं होतं. ताईंना पोट भरायचंय, ढाबा काढायचा नाही. फक्त कूट शेवटच्या पाच मिनिटांत घाला. आधी घातला की तळाला लागतो, आणि लागलेला वास सगळ्या पातेल्यात पसरतो. तसं झालंच तर ढवळू नका. वरचं कालवण दुसऱ्या भांड्यात ओता आणि तळ खरवडू नका.

चकोल्यांची लापशी होते कारण आमटी आधीच दाट असते आणि ती नीट उकळत नसते. एक वाटी तूरडाळ शिजवून घोटली की पाच ते सहा वाट्या पाणी घालून आमटी मुद्दाम पातळ ठेवा. कणीक दोन वाट्या, एक मोठा चमचा तेल, ओवा, हळद, तिखट, मीठ घालून पुरीसारखी घट्ट भिजवा आणि १५ मिनिटं झाकून ठेवा. पोळीपेक्षा जरा जाड लाटा आणि शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापा. आमटी खळखळ उकळत असताना चार-चार तुकडे सोडा आणि पुन्हा उकळी आली की पुढचे. सगळे एकदम टाकले की उकळी बसते, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि कडा विरघळतात. दहा मिनिटांत तुकडा वर येऊन चकचकीत दिसतो. वरून तूप. याच्याबरोबर भाकरी नको, त्यामुळे कंटाळ्याच्या दिवशी हेच बरं.

कराडचं_कालवण

काकू, कुटाचं मान्य. मग मसूर चेचू नका, एवढंच.

कोरेगावकर

घेवड्याचं कुणीच बोललं नाही. आमच्या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला मानांकन आहे, पण तो सातला आठवला तर आठला ताटात येत नाही. सकाळीच भिजवा, कमीत कमी आठ तास. आणि हे महत्त्वाचं: भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि घेवडा खळखळत्या उकळीत दहा मिनिटं तरी शिजलाच पाहिजे. घेवडा राजम्याच्याच जातीचा. कच्चा किंवा अर्धवट राहिला तर त्यातल्या विषारी द्रव्यानं उलट्या-जुलाब होतात. मंद आचेच्या भांड्यात तासन् तास ठेवून ते जात नाही, कडक उकळी किंवा कुकरच हवा. मोठी शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून १५ मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्यायची. दाणा जिभेनं टाळूवर दाबला की फुटला पाहिजे.

मसाला वर दादांनी दिलाय तोच, फक्त टोमॅटो एकच घाला. घेवड्याला स्वतःची गोडसर चव असते, आंबटानं ती मारू नका.

रवी_आणि_पळी (वाई)

भाकरीचं राहिलं. ताईंनी तक्रार केली नाही, पण कालवण जमलं आणि भाकरी चिरली तर काय उपयोग? दळून पंधरा दिवस झाले की ज्वारीच्या पिठाची विरी (धरून ठेवायचा गुण) जाते आणि भाकरीच्या कडा फाटतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो उकळत्या पाण्यानं आणावा लागतो. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी उकळतं पाणी, चमच्यानं कालवून पाच मिनिटं झाका, मग गरम असतानाच तळहाताच्या टाचेनं चांगलं मळा. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळून घ्या. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवा आणि ते पूर्ण वाळायच्या आत उलटा. उशीर झाला की पापुद्रा धरत नाही.

विश्रामबागची_चूल

सगळ्यांचे आभार. आज मसूर भिजत घातलाय, मिठाच्या पाण्यात. शेवटचं एक: कालवण आदल्या रात्रीचं उरलं तर दुसऱ्या दिवशी गरम करताना पाणी किती घालू?

कृष्णाकाठची_सुगरण (मिरज)

मसुराला अर्धी वाटी, घुट्याला एक वाटी, दोन्हीला उकळतंच. आधी पाणी घालून नीट मोडा, मग गॅस लावा. चकोल्या उरवू नका, त्या रात्रभरात सगळं पाणी पिऊन बसतात.