मूल बालगृहात जाऊ नये म्हणून: महिन्याचे पैसे पुरतात, की घरी येणारा माणूस हवा?

सावली:
बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 3 नुसार मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. महाराष्ट्रात त्याच्या आधीचा मोठा आधार म्हणजे बालसंगोपन योजना, मूल घरीच सांभाळणाऱ्या कुटुंबाला मुलामागे महिन्याला 2,250 रुपये. एवढ्यावर घर टिकत नाही. बाप गेलेला, आई दिवसभर मजुरीवर, थोरली शाळा सोडून धाकट्याला सांभाळतेय. तिथे अंगणवाडी, संजय गांधी निराधारचा अर्ज, शाळेत परत नाव, हे कुणीतरी घरी बसून मार्गी लावावं लागतं. घरी जाऊन करायची पाहणी, म्हणजे गृहचौकशी, मात्र अनेकदा मंजुरीपुरतीच होते. अमेरिकेत टॅकोमाला 1974 मध्ये सुरू झालेल्या, मूल घरातून काढावं लागू नये म्हणून घरी जाऊन मदत करण्याच्या 'होमबिल्डर्स' पद्धतीत एका कार्यकर्त्याकडे एका वेळी दोनच कुटुंबं असतात, चार ते सहा आठवडे, आणि रात्रीही फोन उचलला जातो. आपल्याकडे निदान पहिले तीन महिने आठवड्याला एक भेट हवी.

कोरडवाहू:
मुळीच पटत नाही. भेटी देणार कोण? मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत संस्थाबाह्य सेवेचा, म्हणजे मूल संस्थेबाहेर सांभाळण्याचं काम पाहणारा, संरक्षण अधिकारी जिल्ह्याला एक! आधी पैसे वेळेवर द्या. अर्ज मृत्यूच्या दाखल्यापाशी, तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यापाशी अडतो. मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीचा आदेश झाला तरी खातं आधारशी जोडलेलं नसेल तर रक्कम जमा होत नाही. दोन वेळ जेवेल, शिकेल म्हणून जी आई स्वतःच मुलाला बालगृहात सोडते, तिला समुपदेशन नको असतं. आणि इलिनॉयमध्ये 1990 च्या दशकात अशाच घरभेटींच्या सेवेचं मूल्यमापन झालं, तेव्हा घराबाहेर जाणारी मुलं कमी झालेली दिसली नाहीत.

सावली:
इलिनॉयमध्ये निवडलेल्या बहुतेक घरांतली मुलं तशीही घरातून काढली जाणार नव्हती, म्हणून फरक दिसला नाही. आपल्याकडे समितीपुढे हजर केलेल्या मुलांपासूनच सुरुवात करा. बाल न्याय कायद्याच्या कलम 36 खाली मुलाच्या घरची सामाजिक चौकशी 15 दिवसांत पुरी करायची असते. घराला नेमकं काय हवं ते त्याच अहवालात लिहा.

रेवा:
मारणारा किंवा लैंगिक अत्याचार करणारा त्याच घरात राहत असेल, तर? कळवून येणाऱ्या माणसाला घर नीटनेटकंच दिसतं, आणि त्याच्यासमोर मूल तोंड उघडत नाही. अशा वेळी मुलाला हलवण्याआधी घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम 19 पाहा. दंडाधिकारी त्या पुरुषालाच घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतात. ते जमत नसेल तर मूल तिथे ठेवूच नका.

कोरडवाहू:
रेवाताई, हे मान्य. पण तो गेला की त्याची मजुरीही जाते, आणि आई तक्रार मागे घेते. घरगुती हिंसाचार कायद्याच्याच कलम 20 खालच्या खर्चाची मागणी त्याच अर्जात घाला, अंतरिम आदेश कलम 23 खाली मागा आणि बालसंगोपनचे कागद त्याच आठवड्यात दाखल करा.