मदत हवी आहे: खाडीत दोरा सारखा तुटतोय

पाणकावळा:
थंडी पडल्यापासून रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत एकच रड. ओढ बसते, रॉड वाकतो, दोरा तुटतो. गरी, शिसं सगळं जातं. कुठला दोरा घेऊ? रविवारी परत जायचंय, लवकर सांगा.

गरीवाला:
आमिष काय? भरतीला बसता की सुकतीला (ओहोटीला)? पुलाजवळ की खडपात? काही न सांगता दोरा कुठला विचारताय.

थेट_रीळ:
३० पौंड ताकदीची ब्रेड (विणलेला दोरा) लावा. विषय संपला.

सुकती:
कसला संपतोय! ब्रेड खांबाखडपावरच्या कालवांवर (धारदार शिंपल्यांवर) घासली की तंगुसाच्या (नायलॉनच्या एकेरी दोऱ्याच्या) आधी जाते. पुढे दोन हात तरी ४०-५० पौंडाचा तंगूस हवाच.

थेट_रीळ:
हिवाळ्यात पाणी नितळ असतं, एवढा जाड दोरा माशाला दिसतो.

सुकती:
दिसू दे. तांबोशी मासा लागला की पहिली धाव बिळाकडेच घेतो. बारीक दोऱ्यावर तो वळत नाही.

गरीवाला:
भांडण नंतर. तुटलेलं टोक बघा. खरखरीत, वर हातभर ओरबाडलेलं असेल तर कालवं. कुरळं असेल तर गाठ सुटलीय. पाच वेढे घ्या आणि थुंकी लावूनच आवळा, कोरडी गाठ तापते नि दोरा कमजोर होतो. स्वच्छ कापलेलं असेल तर केंड (फुगणारा, धारदार दातांचा मासा). मग गरीपाशी बोटभर स्टीलची तार लावा.

चिंबोरीप्रेमी:
केंड मिळाला तर खाऊ नका, त्याचं विष शिजवून जात नाही. त्यापेक्षा अमावास्येला चिंबोऱ्या धरा, भरलेल्या मिळतात.

सुकती:
चिंबोरी पोकळ निघते ती कात टाकल्यामुळे. अमावास्येचं काय घेऊन बसलात? आणि विचारलंय कोणी?

पाणकावळा:
पुलाच्या खांबाजवळ. जिवंत कोळंबी. संध्याकाळी ५ ते ७. टोक खरखरीत. आता दोरा सांगा!!

गरीवाला:
दोऱ्याआधी वेळ बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ: चतुर्थीला ३, षष्ठीला साडेचार. हा मुंबईचा हिशोब, रत्नागिरीला भरती आधी होते. म्हणजे या तिथींना ५ वाजता तुम्ही सुकतीत बसलेले असता. पाणी दोरा ओढून खांबावर नेतं आणि उघडी पडत आलेली कालवं तो कापतात. चढत्या पाण्याला या. खांबाच्या समोर न बसता बाजूला उभे राहा, मासा लागताच रॉड आडवा धरून त्याला मोकळ्या पाण्याकडे वळवा. रिळाचा क्लच (दोरा किती ओढीला सुटेल ते ठरवणारा) दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवा. ३० पौंडाला साडेचार किलो, स्प्रिंगच्या काट्याला अडकवून मोजा. कोळंबी शिंगाखालून ओवा, डोक्यातला काळा ठिपका चुकवून, नाहीतर तिथेच मरते.

थेट_रीळ:
आणि ३० पौंडाची ब्रेड.

सुकती:
दोन हात तंगुसासकट.

पाणकावळा:
रविवारी तिथी कुठली आहे?