मदत हवी आहे: बूस्ट तोच, मग डोंगरावर पॉवर कमी का? (स्नोमोबिल टर्बो)

नमस्कार मंडळी, मी सॉल्ट लेक सिटीत राहतो, हिवाळ्यात सुट्टी मिळाली की स्नोमोबिल (बर्फावर चालणारी गाडी), दुसरं काही सुचत नाही. माझी ८५० सीसी टू-स्ट्रोक आहे, मूळची १६५ एचपी, तिला बाहेरचं टर्बो किट (इंजिनात हवा दाबून भरणारं) बसवून घेतलं. दुकानदार म्हणाला बूस्टच्या, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबाच्या, १ पीएसआयला (दाबाचं एकक) साधारण ११ एचपी धरा, ६ पीएसआय म्हणजे १६५ वर ६६, हिशोब सरळ आहे. इथे खाली ४२०० फुटांवर गाडी मस्त पळते, पण परवा वायोमिंगमधल्या टॉग्वोटी पासला (डोंगरातली खिंड) नेली, साडेनऊ हजार फुटांच्या वर, बूस्ट गेजचा काटा तिथेही बरोब्बर ६ वर आणि तरी चढाला दमच नाही, थ्रॉटलवर अंगठा पूर्ण दाबलेला, गुडघाभर भुसभुशीत बर्फ आणि आरपीएम ७६०० च्या वर जाईचना, खाली हाच ८००० ला टेकतो. ट्रॅक जागच्या जागी खड्डा करत बसला, शेवटी दोघांनी ओढून काढली. गेज बिघडलाय का? मित्र म्हणतो बूस्ट ८ कर, पण मला पिस्टनची काळजी वाटते. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
गेज ठीक आहे हो. तो फक्त बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त आहे तेवढंच दाखवतो, इंजिनाला मात्र एकूण दाब लागतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, तुमच्याकडे साधारण साडेबारा, टॉग्वोटीला सव्वादहा. म्हणजे टर्बो नसता तर तुमचे १६५ घरीच १४० झाले असते आणि पासवर ११५. ११ चा आकडा बरोबर आहे, चुकलाय तो सुरुवातीचा १६५, तो समुद्रसपाटीचा. ६६ मिळवले की खाली २०६, वर १८१, तेही कागदावर. स्की-डू या स्नोमोबिल कंपनीने २०२० च्या मॉडेलमध्ये ८५० ला कंपनीचा टर्बो दिला तोसुद्धा ८००० फुटांपर्यंत १६५ टिकवायलाच, वाढवायला नाही.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत, पण गरमीचं राहिलं. सव्वादहाचे सव्वासोळा करायला टर्बोला साडेबाराचे साडेअठरा करण्यापेक्षा जास्त मेहनत पडते, कॉम्प्रेसरमधून हवा जास्त तापून निघते, तापलेली हवा विरळ, म्हणून १८१ पण हातात येत नाहीत. ८ केलंत तर अजून तापेल आणि पंपावरच्या ९१ ऑक्टेन पेट्रोलला डिटोनेशन (इंधन आपोआप, स्फोटासारखं पेटणं) सुरू झालं की पिस्टन गेलाच समजा. आधी स्पार्क प्लग काढून पांढऱ्या पोर्सेलीनवर बारीक चमकदार ठिपके आहेत का बघा, ते ॲल्युमिनियम असतं, पिस्टनचंच. आणि तुमचा आरपीएम क्लचमुळे पडतोय, पुढच्या क्लचमधली वजनं (जितकी जड, तितका इंजिनावर भार जास्त) २०० एचपीच्या हिशोबाने भरलीत ना, तेवढी ताकद वर नाहीये, मग इंजिन दबणारच. वजनं कमी करा, बूस्टला हात लावू नका.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार, दोन महिने मी काट्याकडेच बघत होतो. प्लग आत्ताच काढले, दोन्ही स्वच्छ आहेत, जीव भांड्यात पडला. बूस्ट ६ वरच ठेवतोय, वजनं हलकी करून शनिवारी परत तिथेच जातो, आरपीएम किती मिळाला ते इथे टाकतो.