सोलापुरात सहेरी-इफ्तार: अ‍ॅप पाहायचं की मशिदीचा तक्ता?

जुनी_जंत्री
रमजान आला की सहेरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) कधी थांबवायची नि इफ्तार (संध्याकाळी रोजा सोडणं) कधी करायचा, हाच वाद. एक जण मोबाईल बघून हात आवरतो, दुसरा मशिदीचा नमाजच्या वेळांचा छापील तक्ता बघून. माझं मत साफ आहे, तक्ताच चालावा. फजरला (पहाटेच्या नमाजला, तिथंच सहेरी संपते) सूर्य क्षितिजाखाली 18 अंश धरायचा की 15, हे अ‍ॅप कुणाला विचारत नाही. आपल्याकडं बहुतेक तक्ते 18 चे. अमेरिकेतली 15 ची पद्धत फोनमध्ये राहिली, तर सोलापुरात सहेरी 12 ते 15 मिनिटं उशिरा संपलेली दिसते. माणूस सुबह सादिक (खरी पहाट) झाल्यानंतरही खात बसतो, आणि तो रोजा कजा करावा, म्हणजे नंतर भरून काढावा लागतो.

टॉवेल_कारखाना
दोष सेटिंगचा, अ‍ॅपचा नव्हे. पद्धत कराची (18 अंशांची), असर (दुपारनंतरची नमाज) हनफी पंथाची, ठिकाण सोलापूर, एवढं एकदा लावलं की झालं. आणि तक्त्याचं कौतुक किती करायचं? ग्रुपवर फिरतात ते फोटो मुंबईच्या नाहीतर हैदराबादच्या तक्त्याचे. रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटं. आपण 75.9 वर. मुंबई आपल्यामागं साधारण 12 मिनिटं, हैदराबाद पुढं 10. मुंबईच्या वेळेनं सहेरी किंवा हैदराबादच्या वेळेनं इफ्तार केला, की रोजा गेलाच.

शिवाय रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद. जूनमध्ये फजर साडेचारच्या सुमारास लागते. नई जिंदगी वस्तीतल्या तिसऱ्या मजल्यावर ती अजान पोचते का? अ‍ॅप बंद करून उठायचं कशानं?

जुनी_जंत्री
उठायला गजर आहे ना भाई! वक्त (नमाजची वेळ) ठरवायला तो नको.

कोकणी_शाफई
हनफी लावा म्हणणाऱ्यांनी आमचाही विचार करावा. कोकणातून आलेले आम्ही शाफई पंथाचे. आमची असर सावली वस्तूच्या उंचीच्या एकपट झाली की, तुमची दुप्पट झाल्यावर. सोलापुरात हा फरक डिसेंबरात पाऊण तास, जूनमध्ये सव्वा तास. तक्त्यावर दोन्ही रकाने हवेत.

पडताळा घ्यायचा तर 1 मीटरची काठी सपाट गच्चीवर उभी करा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथं भर दुपारी सावली जवळपास शून्य, म्हणून हनफी असर 2 मीटरला. डिसेंबर अखेरीस दुपारचीच सावली 87 सेंटिमीटर असते, ती मिळवून 2.87 मीटर. ही मिळवणी विसरली की असर वक्ताआधीच पढली जाते.

विजापूर_वेस
तुम्ही सगळे वक्त आणि जमात (मशिदीत एकत्र पढायची नमाज) एकात घालताय. जोहरचा (दुपारच्या नमाजचा) वक्त इथं नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:10 ला लागतो, फेब्रुवारीत 12:41 च्या आसपास. दीडची जमात वर्षभर चालते, कारखान्यातल्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत गाठता येते. सगळ्या मशिदींत जमातीची एकच वेळ ठेवा म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे. एक चुकली तर दुसरी सापडली पाहिजे. मगरिबची (सूर्यास्ताच्या नमाजची) गोष्ट वेगळी, ती अजानपाठोपाठ.

सहेरीचं मात्र ऐका. 'अजान संपेपर्यंत खाता येतं' हा समज घातकी. अजान वक्त लागल्यावर होते, खाणं त्याआधीच थांबायला हवं.

टॉवेल_कारखाना
हे मान्य. पण छापताना 2-3 मिनिटं एहतियात (खबरदारी) धरलेली असते, वर मुअज्जिन (अजान देणारे) साहेब आपली दोन घालतात, आणि इफ्तार पाच मिनिटं लांबतो. इफ्तारला घाई करणं सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे. तक्त्याखाली छापा: कुठलं शहर, किती अंश, किती मिनिटं आधीच धरलीत. मग बोला अ‍ॅपवर.